यंत्र जुने, हुकूम नवा

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रात एक जगावेगळे आंदोलन झाले. आंदोलन म्हटले की काहीतरी मागणे आलेच. कोणी पगार मागतो, कोणी पाणी मागतो, कोणी गेलेली जमीन मागतो. ह्या आंदोलनातल्या स्त्रिया मात्र सरकारने दिलेली वस्तू सरकारच्या पदरात परत घालण्यासाठी निघाल्या होत्या. ती वस्तू म्हणजे मोबाईल. ठिकठिकाणच्या अंगणवाडी सेविका आपापल्या प्रकल्प कार्यालयात गेल्या, पिशवीतून मोबाईल काढून त्यांनी टेबलावर ठेवले आणि 'हे तुमचे तुम्हांला लखलाभ' असे सांगून त्या परतल्या. 'मोबाईल वापसी' ह्या नावाने ते आंदोलन ओळखले गेले.

वर्तमानपत्रांत चार दिवस बातम्या आल्या आणि विषय मागे पडला. इतिहासाच्या पुस्तकात ह्या प्रसंगाला एखादी ओळ तरी मिळेल की नाही, शंकाच आहे. तरीही आपल्या काळाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने ह्या प्रसंगापाशी थोडे थांबले पाहिजे असे मला वाटते. हातातले यंत्र धडधाकट असताना दुरून आलेल्या एका हुकुमाने ते निकामी होते, आणि त्याचा दोष मात्र वापरणाऱ्याच्या माथी येतो, हा अनुभव आज घरोघरचा आहे. तो अनुभव जाहीरपणे, संघटितपणे आणि नेमक्या शब्दांत मांडण्याचे काम ह्या बायांनी केले.

त्या कोण, हे आधी पाहू. 'अंगणवाडी' हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यालाही कोणी जन्म दिला असेल हे ध्यानातच येत नाही. त्या शब्दामागे ताराबाई मोडक उभ्या आहेत. १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्याबरोबर नूतन बालशिक्षण संघाच्या कामाला लागलेल्या ताराबाई १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गावात बालवाडी काढली, पण जी मुले सर्वांत गरजू होती ती तिथवर येईनात. कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे असे, कोणाच्या अंगावर धड कपडा नसे. तेव्हा ह्या दोघींनी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही चालवली. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, ही त्या अंगणवाडीची मूळ कल्पना. व्यवस्था माणसाच्या मापाने बेतायची, हे तिचे सूत्र.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. आज एकट्या महाराष्ट्रात तिची लाखाहून अधिक केंद्रे आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास मुलाला दवाखान्यात पाठवणे, आयांना आहाराविषयी समजावणे आणि लहानग्यांना गाणी-गोष्टींतून शिकवणे, एवढी सगळी कामे एका सेविकेच्या आणि एका मदतनिसाच्या खांद्यावर असतात. त्यांना मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. करोनाच्या दिवसांत, सप्टेंबर २०२० मध्ये, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली तेव्हा घरोघर फिरणाऱ्यांत ह्याही होत्या.

ह्या कामाची नोंद वह्यांत होत असे. अशी तब्बल ११ रजिस्टरे असत. कुटुंबाची नोंद एकीत, आहाराची दुसरीत, वजनाची तिसरीत. रकाने आखा, बेरजा करा, महिनाअखेरीला तेच आकडे पुन्हा तक्त्यात उतरवा. हे काम कटकटीचे होते यात शंका नाही. म्हणून ८ मार्च २०१८ रोजी राजस्थानातल्या झुंझुनू येथे पोषण अभियानाची सुरुवात झाली आणि सेविकांच्या हाती मोबाईल देऊन नोंदी त्यावरच करण्याचे ठरले, तेव्हा हेतू चांगलाच होता. महाराष्ट्रात हे मोबाईल २०१९ मध्ये सेविकांच्या हाती पडले. त्यांतल्या नोंदींच्या अ‍ॅपला 'कॅस' म्हणत. ते मराठीतून वापरता येत असे. पन्नाशीला टेकलेल्या, आयुष्यात वहीपेन्सिलीपलीकडे कशाला हात न लावलेल्या सेविकाही ते शिकल्या. कोणाला मुलीने शिकवले, कोणाला सुनेने, कोणाला शेजारच्या केंद्रातल्या ताईने. बायका नव्या यंत्राला बिचकतात असे म्हणणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. त्या बिचकल्या नाहीत.

पुढे 'कॅस' बंद झाले आणि १ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारने 'पोषण ट्रॅकर' नावाचे नवे अ‍ॅप आणले. घोटाळा झाला तो येथे. नवे अ‍ॅप आले, पण त्यासाठी नवे मोबाईल आले नाहीत. हाती होते ते दोन वर्षांपूर्वीचे, २ जीबी रॅमचे मोबाईल. त्यांच्या हमीची मुदत संपली होती. नवे अ‍ॅप त्यांवर उतरेना, उतरले तर चालेना, चालले तर मध्येच अडकून बसे. मोबाईल तापत. दुरुस्तीला नेले तर खर्च हजारांत, आणि तो सेविकांच्याच पदरचा. त्यात नवे अ‍ॅप इंग्रजीत. मराठीत शिकलेले सगळे पुसून टाकून इंग्रजीत पुन्हा श्रीगणेशा करायचा. ज्या यंत्रावर काल काम होत होते त्याच यंत्रावर आज होईना, आणि यंत्राला तर कोणी धक्काही लावला नव्हता.

असे का होते, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मोबाईलच्या पोटात दोन जागा असतात. एक फडताळासारखी. तिथे फोटो, अ‍ॅप, कागदपत्रे साठून राहतात. दुसरी ओट्यासारखी. फडताळातले जिन्नस काढून प्रत्यक्ष काम करायचे ते तिथे. ह्या ओट्याला रॅम म्हणतात. ओटा लहान असला तरी स्वयंपाक जमतो, एका वेळी एक भांडे ठेवले म्हणजे झाले. पण घरधनी रोज आणखी एक पातेले आणून त्यावर ठेवू लागला तर पोळी लाटायला जागा कुठून राहणार? मोबाईल चालवणारी मूळ प्रणाली, जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, ती दरसाल नवी होते आणि बहुधा मोठी होते. अ‍ॅप लिहिणारा मनुष्य आपल्या टेबलावरच्या नव्या, ऐसपैस मोबाईलवर ते चालवून पाहतो. दुर्गम पाड्यावरच्या दोन वर्षांच्या जुन्या मोबाईलचा ओटा केवढा आहे, हे त्याला दिसत नाही.

शिवाय हे नवे रूप थेट मिळत नाही. अँड्रॉइड ही प्रणाली गूगल तयार करते. मग चिप बनवणारी कंपनी ती आपल्या चिपेला जुळवून घेते, मग मोबाईल बनवणारी कंपनी आपल्या यंत्राला जुळवते, आणि मग ती ग्राहकापर्यंत येते. ह्या साखळीतल्या एकाने जरी 'आता पुरे' म्हटले तरी मोबाईल जुना ठरतो. महागड्या मोबाईलसाठी हे कष्ट अनेक वर्षे घेतले जातात. स्वस्त मोबाईलच्या नशिबी एखाददुसरे अपडेट आले तरी पुष्कळ झाले. म्हणजे ज्याला नवा मोबाईल घेणे सर्वांत जड, त्याचाच मोबाईल सर्वांत लवकर म्हातारा होतो. आणि अपडेट नाकारून चालत नाही. चोरांना सापडलेल्या फटी बुजवण्याचे कामही त्यानेच होते. घेतले तर यंत्र मंदावते, न घेतले तर दार उघडे राहते, अशी ही अडचण आहे.

ही अडचण केवळ गरिबाच्या मोबाईलची आहे असेही नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपल कंपनीला कबूल करावे लागले की, बॅटरी जुनी झालेल्या आयफोनांचा वेग अपडेटद्वारे कमी केला जात होता. मोबाईल अचानक बंद पडू नये म्हणून तसे केले, असे कंपनीचे म्हणणे. पण ग्राहकाला ते आधी सांगितले नव्हते. बॅटरी बदलली असती तर भागले असते, तिथे कित्येकांनी मोबाईलच बदलला. इटलीच्या स्पर्धा नियामक संस्थेने ऑक्टोबर २०१८ मध्ये ह्या प्रकारांसाठी ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला. जुन्या मोबाईलला न पेलणारे अपडेट घ्यायला लावले आणि परिणामांची कल्पना दिली नाही, हा ठपका दोघांवर होता. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सने ॲपलला आणखी २ कोटी ५० लाख युरोंचा दंड केला. रोम आणि पॅरिस येथील ग्राहकाची तक्रार आणि आमच्या सेविकांची तक्रार, मुळात एकच होती. फरक इतकाच की तिकडच्या ग्राहकाला मोबाईल मंद झाला म्हणून कोणी कारणे दाखवा नोटीस देत नव्हते.

आमच्याकडे नोंद झाली नाही तर काम झाले नाही असा अर्थ निघे. मुलाला खाऊ घातले, वजन केले, आईला समजावले, पण अ‍ॅपमध्ये आकडा चढला नाही, तर वरच्या कार्यालयाच्या दृष्टीने ते मूल उपाशीच. मानधन आणि प्रोत्साहन भत्ता यांवर टांगती तलवार. यंत्र अडले तरी 'तुम्हांला येत नाही' हे ऐकावे लागे ते सेविकेला. मोबाईल वापसीचे खरे कारण मला ह्या वाक्यात दिसते. टेबलावर मोबाईल ठेवणाऱ्या हाताने दोष जिथला तिथे नेऊन ठेवला. पुढे सेविकांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयातही दाद मागितली. अ‍ॅपमध्ये नंतर मराठीसह अनेक भारतीय भाषा आल्या. म्हणजे भाषा घालणे शक्य होते. ती आधी घालावी असे कोणाला सुचले नव्हते, एवढेच.

आता कोणी म्हणेल, काळ बदलतो, त्याला यंत्रे तरी काय करणार? जुने जाणारच. हे खरे आहे. ह्या देशाने याहून मोठे बदल पचवले आहेत. पण ते कसे पचवले, हे पाहण्यासारखे आहे.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे जाऊन १०० नवे पैसे झाले. आजच्या भाषेत हे साऱ्या देशाच्या व्यवहाराचे अपडेटच होते, आणि ते निरक्षरांनाही चुकवता येण्यासारखे नव्हते. चार आण्यांचे २५ आणि आठ आण्यांचे ५० नवे पैसे सरळ होत, पण एका आण्याचे सव्वासहा. तिथे तोटा कोणाचा यावरून दुकानादुकानांत वाद होत. कुरकुर पुष्कळ झाली. तरी त्या व्यवस्थेत एक शहाणपण होते. जुनी नाणी एका रात्रीत रद्द केली नाहीत. जुनी आणि नवी नाणी काही वर्षे बरोबरीने चालली. आण्यांचे पैसे किती, ह्याचे तक्ते छापले गेले. 'नवा' हा शब्दसुद्धा सात वर्षे नाण्यावर राहिला आणि लोकांना सवय झाल्यावर, १ जून १९६४ पासून, काढून टाकला. वजनमापांचेही तसेच. १ ऑक्टोबर १९५८ पासून शेर-मणाच्या जागी किलोग्रॅम आणायला सुरुवात झाली ती टप्प्याटप्प्याने, आधी काही भागांत आणि काही व्यवसायांत, मग इतरत्र. मध्ये दोन्ही मापे चालू ठेवण्याची मुदत दिली होती. म्हातारीच्या कनवटीची चवली एका सकाळी उठून 'मी आता चालणार नाही' असे म्हणाली नाही.

लिपीचेही उदाहरण घ्या. मी राहतो ते तळेगाव दाभाडे हे अठराव्या शतकात मराठ्यांचे सेनापतिपद भूषवणाऱ्या दाभाड्यांचे गाव. त्या काळचा सारा पत्रव्यवहार मोडीत. छापखाने बाळबोध लिपीचे निघाले, शाळा बाळबोध झाल्या आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून गेली. पण ती जायला दीडएक शतक लागले, आणि गेल्यावरही जुना कागद मेला नाही. आज कोणी चार महिने मोडी गिरवली तर तीनशे वर्षांपूर्वीचे पत्र तो वाचू शकतो. कागद वाचणाऱ्याची वाट पाहत थांबतो. बंद झालेल्या अ‍ॅपमधली नोंद अशी थांबेल, असा भरवसा कोणी द्यावा? ११ रजिस्टरे कटकटीची होती खरी, पण ती उघडायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

तळेगावचाच आणखी एक दाखला देण्याजोगा आहे. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसापैसा गोळा करून पैसा फंड उभारला, टिळकांनी त्याला बळ दिले, आणि १९०८ साली त्या पैशांतून इथे काचेचा कारखाना निघाला. ह्या कारखान्याने काच केली त्याहून मोठे काम म्हणजे काच करणारी माणसे तयार केली. इथे शिकलेले कारागीर देशात ठिकठिकाणी कारखाने काढायला गेले. नवे तंत्र लोकांत आणायचे तर आधी लोकांना त्याचे धनी करावे लागते, हे त्या पिढीला कळत होते. आज तळेगाव ते चाकण पट्टा कारखान्यांनी भरला आहे. २०२२ मध्ये वेदांत आणि फॉक्सकॉन यांचा चिप बनवण्याचा प्रकल्प तळेगावला येणार अशी चर्चा होती. सप्टेंबरमध्ये तो गुजरातला जाहीर झाला, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. गावात तेव्हा हळहळ झाली आणि रोजगाराच्या दृष्टीने ती रास्तच होती. पण चिप आमच्या गावात बनली असती तरी तिचे आयुष्य किती, हे ठरवण्याचा अधिकार गावाला मिळाला नसता. वस्तू कुठे बनते याइतकेच ती केव्हा बाद ठरते आणि ते कोण ठरवतो, हेही महत्त्वाचे आहे.

मोबाईल वापसीचे पुढे काय झाले? फेब्रुवारी २०२३ मध्ये सेविकांनी संप केला, त्यातही नव्या मोबाईलची मागणी होती. सरकारने ती मान्य केली आणि पुढे नवे मोबाईल आले. गोष्ट इथे गोड झाली असे म्हणता आले असते. पण १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देण्यापूर्वी लाभार्थी मातेचा चेहरा अ‍ॅपमध्ये ओळखून घेणे सक्तीचे झाले. नवा हुकूम, नवे पातेले, ओटा तोच. रेंज नसलेल्या पाड्यावर मूल कडेवर घेतलेली बाई मोबाईलसमोर उभी आहे आणि मोबाईल तिला ओळखत नाही. सेविका तिला जन्मापासून ओळखते, पण त्या ओळखीला आता किंमत नाही. ताराबाईंनी शाळा मुलाच्या अंगणात नेली होती. आज अंगणात आलेल्या आईला यंत्रापुढे आपली ओळख पटवावी लागते.

उपाय अवघड नाहीत. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम केला आहे की मोबाईलच्या एखाद्या नमुन्याची विक्री थांबल्यावरही किमान ५ वर्षे त्याला अपडेट मिळाले पाहिजेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल उघडले. पाऊल योग्य दिशेने आहे, पण लहान आहे. औषधाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते, तशी मोबाईलच्या खोक्यावर अपडेट मिळण्याची शेवटची तारीख छापली पाहिजे. मग दहा हजार मोजणारा मनुष्य आपण किती वर्षे विकत घेत आहोत हे तरी जाणून घेईल. आणि सरकारने एक साधा दंडक पाळावा. ज्या यंत्रावर हुकूम बजावायचा, त्यांतले सर्वांत जुने यंत्र आणून, सर्वांत दूरच्या केंद्रात नेऊन, तो हुकूम आधी तिथे चालवून पाहावा. तिथे चालला तर राज्यभर चालेल. तिथे अडला तर दोष सेविकेचा नाही, हे निदान लेखी द्यावे.

शाळांतूनही हेच चालते. आम्हां शिक्षकांच्या खोलीत दर महिन्याला कोणाचा तरी मोबाईल 'हे अ‍ॅप तुमच्या उपकरणावर चालणार नाही' असे सांगतो, आणि तो शिक्षक खजील होऊन मोबाईल खिशात घालतो. पदरमोड करून नवा घेतो, नाहीतर तरुण सहकाऱ्याच्या हातापाया पडतो. खजील होण्यासारखे त्याने काहीही केलेले नसते. तरी आम्ही गप्प बसतो, कारण यंत्रापुढे हरणे ही आपलीच उणीव आहे असे आम्ही मनाशी धरून चाललो आहो. शिकलेल्या माणसांनी जे मुकाट सोसले ते तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या बायांनी सोसले नाही. यंत्र कसे चालवायचे हे त्या घरच्या लेकीसुनांकडून शिकल्या. यंत्र परत केव्हा करायचे, हे आता त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.